दोन बाहुल्यांची जकात

ये, अशी जवळ बस. कागदावर कसली जवळ बसणार तू, पण बसलीस असं धरूनच लिहिते, नाहीतर मला लिहिता येत नाही. आणि आधी तुझा कान धरते. तुझ्या आईचं पत्र आलं. नाशिकच्या पोस्टातल्या बाबूला तू चारचौघांत ‘दगड’ म्हणालीस म्हणे. का, तर जावईबापूंनी आफ्रिकेतून पाठवलेलं पार्सल त्यानं ड्यूटी भरल्याशिवाय हातात दिलं नाही. कुसुम, बाई, शोभतं का हे? तुझी मावशी त्याच जातीच्या खुर्चीवर बसून म्हातारी झाली. मग मीही दगडच म्हणायची की! पार्सल समोर, माणूस समोर, आणि दोघांच्या मधे आपण. ती जागा कशी असते ते तुला सांगते. हाजराबीच्या पार्सलचं सांगते.

पार्सल माझ्या टेबलावर होतं आणि हाजराबीचे दोन्ही हात त्याच्यावर होते.

“दे ना वं जिजी,” ती म्हणत होती.

“मले देता येस नही, हाजरा.”

“काब्र नही? नाव मन्हं लिखेल शे ना वरे?”

“नाव तुझंच आहे. पण ड्यूटी बसली आहे. ती भरली की तुझं.”

“कसानी ड्यूटी? पाहुनी ऊनी तं दारमां पैसा मांगतस का कोनी?”

आता तू म्हणशील, खांडबाऱ्यासारख्या गावात विलायतेचं पार्सल कुठून आलं आणि मावशी तिथं कशी. ते आधी सांगते, म्हणजे पुढं अडायला नको.

खांडबाऱ्याचं आमचं पोस्ट म्हणजे ब्रँच ऑफिस. एक टेबल, एक कुलपाचं कपाट, एक तराजू, आणि बाहेर टपालाची लाल पेटी; मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. गावोगावी तेव्हा शाळामास्तरकडेच पोस्ट असायचं, तसं तुझ्या काकांकडे होतं. मला अक्षर त्यांनीच शिकवलं, चुलीपुढं, राखेत बोटानं. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. ते गेले तेव्हा गावात वाचता येणारे जे चारसहा होते त्यांना दुकानं होती, शेतं होती. पोस्ट कोण बघणार? सुपरिंटेंडेंटसाहेबांनी मला तात्पुरती म्हणून ठेवली. मी शेवटपर्यंत तात्पुरतीच राहिले.

आणि ड्यूटीचं असं. परदेशचं पार्सल मुंबईला बोटीतून उतरतं. तिथं कस्टम्सची कचेरी असते. पार्सलवर एक चिठ्ठी डकवलेली असते, तिला डिक्लरेशन म्हणतात. आत काय आहे आणि त्याची किंमत काय, हे पाठवणाऱ्यानं स्वतः लिहायचं. कस्टम्समधला अ‍ॅप्रेझर, म्हणजे किंमत ठरवणारा माणूस, ते बघतो आणि त्या किमतीवर जकात लावतो. तिलाच ड्यूटी म्हणायचं. आता तो बिचारा वसुलीला काही खांडबाऱ्याला येत नाही. ते काम पोस्टाच्या गळ्यात. ड्यूटी हातात पडल्याशिवाय पार्सल सोडायचं नाही. भरली नाही तर काही दिवस पार्सल आमच्या कपाटात पडून राहतं. त्याला आम्ही ‘डिपॉझिट’ म्हणायचो. मुदत संपली की जसं आलं तसं परत समुद्रापार.

म्हणून हाजराबीचे हात पार्सलवर, आणि माझे कपाटाच्या किल्लीवर.

हाजराबी पिंजारी गल्लीतली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारं. गाद्या, उशा, रजया भरायचे. थंडीच्या तोंडाला त्यांच्या पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार साऱ्या गावाला ऐकू यायचा. तिची आई, गाव सारं तिला अम्माच म्हणायचं, ती उरलेल्या चिंध्यांच्या आणि कापसाच्या बाहुल्या करायची. बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसायची. बाहुली घ्यावी, मूठभर ज्वारी तिच्या पदरात टाकावी. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या पोरी त्यासाठी आयांचा पदर ओढत यायच्या.

अम्माच्या बाहुलीचं एक वैशिष्ट्य होतं. तिची मान ताठ असायची. चिंधीची बाहुली तू केली असशील लहानपणी. डोकं कापसानं भरलं की मान मोडते, बाहुली सारखी रुसल्यासारखी खाली बघते. अम्माची बाहुली नाही. ती समोर बघायची. अगदी डोक्यावर मोळी ठेवून दिली तरी.

एका हिवाळ्यात जंगल खात्याच्या एका साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला होता. त्याच्या मडमेला देशोदेशीच्या बाहुल्या जमवायचा नाद. तिनं बाजारात अम्माची टोपली पाहिली आणि तिथंच फतकल मारून बसली. दोन बाहुल्या खास करून घेतल्या. पुढं साहेब पेन्शनीत निघाला, मडम विलायतेला गेली, बाहुल्याही गेल्या.

मग अम्मा गेली. आणि हाजराच्या ध्यानात आलं की मानेची रीत आईनं आपल्याला दाखवलीच नाही. म्हणजे दाखवणार होती. “करसू, करसू,” म्हणत राहिली. घरात पाहावं तर एकही बाहुली नाही. पिंजाऱ्याच्या घरी आपली रजई फाटकी, तसंच ते. बाजारात गेलेल्या बाहुल्या पोरींनी खेळून खेळून संपवल्या, आणि बाहुली संपावीच खेळून. हाजरानं बांबूच्या कामट्या घालून पाहिल्या, घट्ट चिंध्या गुंडाळून पाहिल्या. मान पडायची, नाहीतर गरागरा फिरायची.

एक दिवस ती माझ्यापुढं येऊन बसली. “जिजी, त्या मडमले लिख. किंमत देसू म्हना. एक तरी बाहुली धाडी दे.”

पत्ता जंगल खात्याच्या कचेरीतून काढला. मी सांगितलं, स्टेशनमास्तरांनी इंग्रजीत लिहिलं. मला वाटलं होतं, उत्तर कसलं येतं! पण मडम भली. तिनं दोन्ही बाहुल्या पाठवल्या. किंमत घेतली नाही. पण डिक्लरेशनवर मात्र लिहिली. आणि काय लिहिली! एखाद्या चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत वाटावी इतकी. तिचं चार ओळींचं पत्र वेगळं आलं होतं. त्यात होतं की माझ्या संग्रहात या सगळ्यांत वरच्या फळीवर होत्या, तशीच किंमत मी लिहिली आहे, म्हणजे वाटेत लोक जपून हाताळतील.

लोकांनी जपून हाताळलं. आणि जपून ड्यूटी लावली.

हाजराला मी हे सगळं समजावलं. ती ऐकत होती. मग हात काढून घेतले आणि म्हणाली, “मंग आते?”

“आता एक वाट आहे,” मी म्हटलं. “अर्ज करायचा. किंमत चुकून जास्त लिहिली आहे, खरी किंमत काहीच नाही, असा. ड्यूटी उतरते.”

ही वाट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या मगनशेठनं, तो कापसाचा व्यापारी, जर्मनीचं घड्याळ मागवलं तेव्हा अर्जात ते ‘बंद पडलेलं’ होतं. अजून त्याच्या दुकानात ठोके देतं आहे.

मी अर्ज लिहिला. माझी भाषा तेव्हा सरकारी कागद वाचून वाचून तशीच झाली होती. लिहून झाल्यावर वाचून दाखवला, कारण अंगठा घेण्याआधी वाचून दाखवायचा हा माझा नेम. ‘सदरहू बाहुल्या जुन्या चिंध्यांच्या असून कवडीमोल आहेत.’

हाजरानं अंगठ्याला शाई लावून हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

“कवडीमोल म्हंजे?”

सांगितलं.

“आनि मडमनी काय लिखेल शे?”

तेही सांगितलं. मग तिनं शाईचा अंगठा माझ्या पोस्टाच्या भिंतीला पुसला. सरकारी भिंत! मी ओरडणार तोच ती म्हणाली, “जिजी, सारी जिंदगी अम्माले एक बाहुलीना मूठभर दाना भेटना. तिन्हा हातनी किंमत एकच बाईनी लिखी. आनि ती मी खोडू? तिन्ही पोर?”

“अगं, कागदावर खोडायची. मनात ठेव ना!”

“नही. मन्हा अंगठा मी नही देवाव.”

“मग भर ड्यूटी.”

“कथाईन आनू पैसा?”

“मग अंगठा दे.”

“नही.”

असं आमचं चालू. टपाल उतरवून आलेला जालम, आमचा डाकवाला, दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “जिजी, दोन्ही बाया एकमेकले पार्सल करी टाका.” त्याला मी हाकलला. पण अर्ज काही पुरा झाला नाही. पार्सल कपाटात गेलं, मी कुलूप लावलं. हाजरा पायरीवर बसून राहिली, मग उठून गेली. तुला वाटतं मला काही वाटलं नाही?

मुदत सरत चालली होती. मी मधूनच कपाट उघडायची आणि उगाच बघायची. तिच्याकडे पैसे येण्याची वाट नव्हती. पिंजणाचा हंगाम थंडीतला, आणि हे उन्हाळ्याच्या अखेरीचं. स्वतः भरावे म्हटलं तर माझा तात्पुरता पगारही तात्पुरताच होता.

तेवढ्यात धुळ्याहून इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. गृहस्थ कोरडे, पण वाईट नव्हते. तिकिटं मोजली, तराजूची वजनं बघितली, भिंतीवरचा शाईचा डाग बघितला. मग कपाटातलं पार्सल.

“हे काय, बाई?”

मी सारं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते.

“किंमत कमी करून घ्यायला तयार नाही म्हणता?”

“नाही साहेब.”

“उलटं झालं हे. नोकरीत असा अर्जदार मी पाहिला नाही.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “एक आहे बाई. किमतीचं सोडा. माल याच देशात बनलेला असेल आणि परत येत असेल, तर ड्यूटी माफ करून मागता येते. पण ते सिद्ध करायला हवं. त्या इथं बनल्या, हे बाहुल्या तर सांगणार नाहीत.”

“विचारून बघू की,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण थांबले. दुपारच्या गाडीनं जायचे ते संध्याकाळच्या गाडीनं गेले.

पार्सल असं कुणी एकट्यानं उघडायचं नसतं. ज्याचं आहे तो समोर हवा, पोस्टाचा माणूस हवा, आणि दोन पंच. पंच म्हणून पोलीस पाटील आले आणि मगनशेठ आला. हाजराला बोलावलं. ती डोक्यावरची ओढणी सारखी करत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी सील फोडलं. आत गवताचा भुसा, त्यात मऊ कागद, आणि कागदात दोघी.

एक होती पाड्यावरून बाजाराला आलेली गावित बाई. गुडघ्यापर्यंत कासोटा, गळ्यात मण्यांचे सर, डोक्यावर मोळी. दुसरी पिंजारीण. ओढणी घेतलेली, हातात गव्हाच्या काडीएवढी धनुकली. त्या दोघी टेबलावर बसवल्या, तर बसल्या आणि समोर इन्स्पेक्टरसाहेबांकडे बघू लागल्या. मान ताठ. पाटलांनी नकळत पागोटं सारखं केलं.

हाजरा पुढं आली. मला वाटलं रडेल. तिनं पिंजारणीला उचललं आणि नाकाशी धरलं.

“वास गया,” ती म्हणाली. “विलायतना साबूना वास येस.”

साहेबांनी घसा खाकरला. “बाई, कापड कुठलं हे?”

“बजारनं.”

त्यांनी कापडाची कड उलटी करून बघितली. “हे तर मँचेस्टरचं आहे. आणि मणी?”

मगनशेठ म्हणाला, “मणी पण बाहेरचेच साहेब. बोटीनंच येतात.”

“म्हणजे अंगावरचं सगळंच परदेशी,” साहेब म्हणाले. “आत काय आहे?”

“कापूस.”

“कापूस इथून गाठी बांधून विलायतेला जातो. तिथंही भरता येईल.” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मी अडवत नाही, बाई. मुंबईला अ‍ॅप्रेझर हेच विचारणार आहे, ते मी आधी विचारतो.” मग हळूच, “उघडून बघावं लागेल.”

पाटलांनी मान पुढं काढली. बाहेरून जालमही दारात येऊन उभा राहिला.

हाजरा दोघींकडे बघत राहिली. मग तिनं पिंजारीण माझ्या हातात दिली आणि मोळीवालीला जवळ ओढलं. “कोनी हात लावू नका. मी उसवस.”

मी माझी सुई दिली. ती टेबलापाशी खाली बसली, बाहुली मांडीवर पालथी घेतली. पाठीवरची शिवण होती. कात्री दिली तर तिनं घेतली नाही. सुईच्या मागच्या टोकानं एकेक टाका ढिला करायची आणि दोरा तोडल्याशिवाय अख्खा ओढून बोटाला गुंडाळायची. तोच दोरा परत त्याच भोकांतून घालायचा होता तिला. साहेबांनी खिशातून घड्याळ काढलं आणि न बघता परत ठेवलं.

पाठ उघडली. कापूस, पांढरा, मऊ, काल पिंजल्यासारखा. तो तिनं चिमटीनं बाजूला केला. आत एक काटकी दिसली, सुतानं गुंडाळलेली. तिनं सूत जरा सरकवलं, आणि तशीच बसून राहिली.

“काय आहे?” साहेब वाकले.

“बेचकं,” हाजरा म्हणाली. मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी आणि हसणं. “अम्मानी बेचकं घालेल शे! पऱ्हाटीनं बेचकं!”

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते झाड, वाळलेलं. त्याच्या बारीक फांदीला फुटवे असतात. तसं एक बेचकं अम्मानं घेतलं होतं. त्याचे दोन फाटे वर डोक्यात, दांडी खाली पोटात. डोकं फिरणार कसं आणि पडणार कसं? हाजरा कामट्या घालत होती, सरळ, गुळगुळीत. बेचकं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि पऱ्हाटी तर तिच्या दारात ढिगानं पडलेली.

साहेबांनी काटकीला बोट लावलं नाही, हाजरानं सांगितलं होतं म्हणून. नुसती बघितली. “पऱ्हाटी असेल. पण काटकी तिकडेही मिळू शकते...”

तेव्हा मगनशेठ पुढं आला. “साहेब, एक बोलू? कापूस विलायतेला जातो. मी स्वतः धाडतो. पण पऱ्हाटी कोण धाडतो? ती तर चुलीत जाते. तिकडच्या कोणत्या मडमेच्या घरी पऱ्हाटी असणार?”

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. “हे पंच म्हणून सांगता?”

“पंच म्हणून नाय, व्यापारी म्हणून सांगतो. फुकट जाणारा माल कोण बोटीत चढवत नाय.”

साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाले, “दुसरीपण उघडली असती तर बरं झालं असतं.”

हाजरानं पिंजारीण माझ्याकडून परत घेतली होती. ती म्हणाली, “एक देखी ना साहेब? दोन्ही एक हातन्या शेतीस.”

साहेबांनी जास्त ओढलं नाही. गाडीची वेळ झाली होती. कागद मुंबईला गेले, आणि निकाल लागेपर्यंत पार्सलची मुदत थांबली.

आता ऐक, मी दगड कधी झाले ते. साहेब गेल्यावर हाजरा म्हणाली, “जिजी, उसवेल बाहुली एक रात घर लई जाऊ का? बेचकं देखीसनी परत आनसू.” आणि मी नाही म्हटलं. निकाल लागेपर्यंत ती सरकारच्या ताब्यात होती, आणि सरकार म्हणजे त्या खोलीत मी. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, “घरी नाही. पण इथं येऊन बस. टपाल गेलं की कपाट उघडीन. हवा तितका वेळ बघ.”

दुसऱ्या दिवशी ती गाठोडं घेऊन आली. आधी तिनं मोळीवाली शिवून टाकली, त्याच दोऱ्यानं, त्याच भोकांतून. मग माझ्या चुलीशेजारच्या पऱ्हाटीच्या भाऱ्यातून बेचकी निवडायला बसली. मी भाकऱ्या थापायची, ती फांद्या मोडायची. दुपारी टपालाची थैली गेली की बाहुल्या कपाटातून बाहेर काढायच्या, ओसरीवर दोघींना बसवायचं, आणि त्यांच्या देखत हिचं काम चालायचं.

पहिल्या बाहुलीचं डोकं एका बाजूला कललं. जालमनं तिला फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, “हाई तं मन्ही सासू शे. अशीच देखस मन्हाकडे.” हाजरानं त्याच्या पाठीत काटकी हाणली. पण बेचक्याचे दोन्ही फाटे सारखेच हवेत, एकही आखूड नको, हे तिला त्या सासूनंच शिकवलं. पाचव्या-सहाव्या बाहुलीला मान आली. मी कपाटाला कुलूप लावत होते आणि तिनं ती माझ्यापुढं धरली. मी अम्माच्या दोघींच्या मधे ती बसवली. तिघीही समोर बघत होत्या.

मनीऑर्डरी न्यायला येणाऱ्या बायका ओसरीवर थबकायला लागल्या. एक पोरगी बाहुली सोडेच ना. तिच्या आईनं कनवटीचे पैसे सोडून हाजराच्या हातावर ठेवले. मग हाजरा बाजाराला बसायला लागली, अम्माच्या जागी. मूठभर ज्वारीही घ्यायची, पैसेही घ्यायची. जो जसं देईल तसं.

पाऊस सरता सरता मुंबईचं उत्तर आलं. मी दोनदा वाचलं. असं होतं: उघडलेली बाहुली याच देशात बनलेली आहे, हे पंचनाम्यावरून मान्य. तिची ड्यूटी माफ. न उघडलेल्या बाहुलीबद्दल काही पुरावा नाही. तिची ड्यूटी कायम.

माझा असा संताप झाला! सोबत इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा होता, ‘दुसरीही उघडून पंचनामा पाठवावा, तिचीही माफ होईल.’ म्हणजे काम सोपं होतं. हाजरा आली तेव्हा मी हातात सुई घेऊनच बसले होते.

“चार टाके उसवायचे, हाजरा. तू परत शिवशीलच. मोळीवाली शिवलीस तर कळत तरी आहे का?”

तिनं पिंजारणीला मांडीवर घेतलं. पाठीवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मला वाटलं आता सुई मागेल.

“जिजी, ती उसवी तवय मले शिकानं व्हतं. आते मी शिकी गयी. आते हाई काब्र उसवू? फुकटमां लेवाकरता?”

“अगं, पण पैसे...”

“अम्मानं काही तरी झाकेल ऱ्हाऊ दे, जिजी.”

मी सुई पदराला टोचली. तिनं ओढणीची गाठ सोडली. बाजारातल्या बाहुल्यांचे पैसे होते, चिल्लर सगळी, अजून ज्वारीचे दाणे चिकटलेले. मी दाणे वेगळे करून तिच्याकडे सारले आणि बाकी सरकारजमा केले. पावती फाडली.

“मडमनी किंमत कमी करी का कोनी?” तिनं विचारलं.

“नाही. लिहिली तेवढीच आहे. त्याच्यावरच ड्यूटी लागली.”

“मंग बरं शे,” ती म्हणाली.

मी दोघींना तिच्या हातात दिलं. आता नियमाप्रमाणे त्या तिच्या झाल्या. तिनं पिंजारीण ओढणीखाली घेतली, मोळीवाली हातात धरली, आणि पायऱ्या उतरून गेली. रिकामं कपाट मी उगाचच पुन्हा कुलूप लावून बंद केलं.

तर कुसुम, यातून तुला काय सांगायचं? एकीचं पोट दाखवलं तर सरकार एकीवरच विश्वास ठेवतं, त्याचं मी आता मनावर घेत नाही. सरकारला आई नसते. पण जावईबापूंना एवढं कळव, डिक्लरेशनवर किंमत लिहिताना माया करू नये. पाठवणाऱ्यानं माया केली की घेणाऱ्याला ड्यूटी बसते. आणि तरीही त्यांनी केली असेल, तर भांडू नकोस. गुमान भर आणि पार्सल घे. त्या बाबूला जाताना दोन शब्द बरे बोल. तुझं पार्सल कपाटात ठेवून तो घरी गेला असेल तेव्हा त्याला जेवण गोड लागलं असेलच असं नाही.

आणि आता पत्रावर भागवू नकोस. माझ्यानं प्रवास होत नाही. सुरतेकडच्या गाडीत बस, खांडबाऱ्याला उतर. स्टेशनवर कुणालाही ‘जिजीचं घर’ म्हण, आणून सोडतील. आखाजीच्या सणाची वाट बघू नकोस, त्याआधीच ये. चार दिवस तरी राहा.